द्विशिक्षकी शाळेचे ध्येय, मूल्ये आणि विकास आराखडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातील एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचा पदभार या जूनमध्ये एका शिक्षिकेकडे आला. वर्ग पहिली ते चौथी, पट ५४, शिक्षक दोन. गावातील बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि काही मुले जवळच्या तांड्यावरून, म्हणजे बंजारा वस्तीवरून, येतात. फायलीत मागील तीन वर्षांचे शाळा विकास आराखडे आहेत, परंतु ते शेजारच्या शाळेच्या आराखड्याशी शब्दशः जुळतात. 'शाळेचे ध्येय, मूल्ये आणि उद्दिष्टे नव्याने लिहायची आहेत आणि सुधारणेचा आराखडाही करायचा आहे. सुरुवात कोठून करावी आणि त्यात नेमके काय लिहावे?' असे त्यांनी विचारले आहे. मी शिक्षक, मुख्याध्यापक आणि शेवटची काही वर्षे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा, म्हणून काम केले. त्या काळात केंद्रातील प्रत्येक शाळेचा आराखडा दरवर्षी वाचला आणि शाळेत जाऊन पडताळलाही. त्या अनुभवातून हे उत्तर देत आहे.

पहिली सूचना अशी की, आराखडा लिहायला बसण्यापूर्वी एक आठवडा मुलांजवळ बसा. याचे कारण एका प्रसंगावरून सांगतो. चौथीच्या वर्गातील एका मुलाला मी भाषेच्या पुस्तकातील धडा वाचायला सांगितला. त्याने तो न अडखळता, खणखणीत आवाजात वाचला. मी शेजारी मांडी घालून बसलो होतो म्हणून माझ्या लक्षात आले की, त्याचे बोट दोन ओळी पुढे गेले होते आणि तोंडातून मागचीच ओळ येत होती. धडा त्याला पाठ होता. मग पिशवीतून एक गोष्टीचे पुस्तक काढून त्याने कधी न पाहिलेले पान समोर ठेवले. तेव्हा 'रस्त्यावरून' या शब्दापाशी 'र... स...' म्हणून तो थांबला आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागला. त्या शाळेच्या आराखड्यात 'सर्व विद्यार्थी वाचनक्षम' अशी नोंद होती. नोंद करणारे गुरुजी खोटे बोलत नव्हते. त्यांनी तपासणी केली होती, पण वर्षभर शिकवलेल्या धड्यावरच केली होती. त्या एका नोंदीमुळे मुलाचे जोडाक्षरांचे काम चौथीपर्यंत राहून गेले.

म्हणून प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे, अपरिचित मजकुरावर तपासावे. अक्षर, साधा शब्द, जोडाक्षरयुक्त शब्द, वाक्य, छोटा परिच्छेद आणि मग गोष्ट, अशा पायऱ्यांपैकी मूल कोणत्या पायरीवर उभे आहे एवढेच पाहावे. गणितात संख्यावाचन, हातच्याची बेरीज, हातच्याची वजाबाकी आणि साधा भागाकार पुरेसा आहे. एका मुलाला दहा मिनिटे धरली तर ५४ मुलांना नऊ तास लागतात. दोन शिक्षकांत वाटून घेतले तर रोज तासाभराच्या आत हे काम एका आठवड्यात होते. पायाभूत चाचणीचे गुण आपल्याकडे असतीलच, परंतु लेखी चाचणीत दहापैकी चार गुण मिळालेले मूल कोठे अडले आहे हे त्या गुणांवरून कळत नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणे आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे अशी अपेक्षा ठेवली आहे, आणि सर्व मुलांनी ती गाठण्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरवले आहे. ही मोजपट्टी वापरावी, मात्र शब्द मोजताना 'समजून' हा शब्द सोडू नये. वाचून झाल्यावर 'काय झालं त्या गोष्टीत?' असे विचारल्याशिवाय पुस्तक मिटू नये.

नोंद टक्केवारीत करू नका. तेरा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे जवळजवळ आठ टक्के होतात, आणि '९२ टक्के' असे लिहिले की ते उरलेले एक मूल दिसेनासे होते. शिक्षकाच्या वहीत नावे असावीत. पालकांसमोर येणाऱ्या आराखड्यात मात्र केवळ संख्या असावी, कारण मागे पडलेल्या मुलाचे नाव चारचौघांत वाचले जाणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता मूल्यांविषयी. महाराष्ट्रातील शाळांच्या भिंतींवर मूल्यशिक्षणाची दहा मूल्ये बहुतेक ठिकाणी रंगवलेली असतात. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा ही ती मूल्ये होत. ही यादी उत्तम आहे आणि ती बदलण्याचे कारण नाही. परंतु शाळेची मूल्ये म्हणून ती जशीच्या तशी आराखड्यात उतरवली तर आपल्या शाळेविषयी त्यातून काहीच सांगितले जात नाही. माझा सल्ला असा की, त्यांतील तीन किंवा चार निवडावीत आणि प्रत्येक मूल्य शाळेतील रोजच्या वागण्याच्या वाक्यात लिहावे.

एका शाळेत मी परिपाठाच्या आधी पोहोचलो होतो. चार मुली वाकून व्हरांडा झाडत होत्या, दोन मुली हंडा घेऊन हापशावर गेल्या होत्या, मुलगे मैदानात चेंडू खेळत होते आणि एक मुलगा घंटा देण्यासाठी हातोडी घेऊन तयार उभा होता. ज्या भिंतीलगत झाडणे चालले होते, तिच्यावर 'स्त्री-पुरुष समानता' असे लिहिलेले होते. तेथील बाईंशी बोललो. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात पाळीपत्रक लिहायला सुरुवात केली. प्रत्येक कामाला एक मुलगा आणि एक मुलगी, आणि दर सोमवारी कामांची अदलाबदल. तिसऱ्याच दिवशी एक वडील शाळेत आले आणि 'आमच्या पोराला झाडायला लावता का?' असे म्हणाले. बाईंच्या हातात त्या वेळी झाडूच होता. 'मीही झाडते, भाऊ. उद्या त्याची घंटेची पाळी आहे,' एवढेच त्या म्हणाल्या. त्या शाळेच्या आराखड्यात पुढे हे मूल्य असे लिहिले गेले: 'आमच्या शाळेत झाडणे, पाणी भरणे, ताटे मांडणे आणि घंटा देणे ही कामे सर्व मुले-मुली पाळीपाळीने करतात आणि शिक्षकही त्यांत असतात.' या वाक्यात समानता आहे, श्रमप्रतिष्ठाही आहे, आणि ते पाळले जाते की नाही हे कोणीही कोणत्याही सकाळी येऊन पाहू शकतो. स्वच्छतागृहाची सफाई आणि जेवणाच्या पंगतीतील बसण्याची जागा याही दोन गोष्टी आपण डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात, कारण गावातील जातीची उतरंड शाळेत शिरते ती बहुधा याच दोन दारांनी.

दुसरे मूल्य मी भयमुक्ततेचे घेईन. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई करते. छडी बऱ्याच शाळांतून गेली, हे मी पाहिले आहे. परंतु 'ढ' म्हणणे, मागच्या रांगेत बसवणे, भावंडांशी तुलना करणे हे अजून गेलेले नाही. 'आमच्या वर्गात चुकलेल्या उत्तराला कोणी हसत नाही, आणि ते उत्तर कसे आले हे शिक्षक आधी विचारतात,' असे लिहावे आणि ते आधी स्वतःपासून पाळावे.

तिसरे मूल्य घरच्या भाषेच्या मानाचे. आपल्याकडे तांड्यावरची मुले आहेत, म्हणून हे विशेष आग्रहाने सांगतो. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारे सहा वर्षांचे मूल आईच्या चित्राला 'याडी' म्हणते तेव्हा ते चुकलेले नसते. त्याने चित्र अचूक ओळखलेले असते. त्याच्या शब्दाशेजारी आपला शब्द ठेवायचा असतो, त्याचा शब्द पुसायचा नसतो. अधिनियमाचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवण्यास सांगते. आपल्याला गोरमाटी येत नसेल तर तांड्यावरील एखाद्या शिकलेल्या मुलीला आठवड्यातून दोनदा पहिलीच्या वर्गात गोष्ट सांगायला बोलवावे, आणि मुलांकडून शंभर-दीडशे शब्दांची यादी करून घेऊन ती वर्गात लावावी. या कामाला पैसा लागत नाही आणि त्याचा परिणाम मी दोन महिन्यांत पाहिला आहे: न बोलणारी मुले बोलू लागतात.

उद्दिष्टांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. द्विशिक्षकी शाळेने एका वर्षात तीनपेक्षा अधिक उद्दिष्टे घेऊ नयेत. मी वाचलेल्या आराखड्यांत वीस-पंचवीस उद्दिष्टे असत. क्रीडांगण, परसबाग, वाचनकोपरा, स्पर्धा परीक्षा, संगणक, इंग्रजी संभाषण असे सर्व काही त्यांत असे, आणि त्यांतील एकही मार्चमध्ये कोणाला आठवत नसे. उद्दिष्ट लिहिताना आज काय आहे, केव्हापर्यंत काय व्हायचे आहे, ते कोण करणार आणि झाले हे कसे कळणार, या चार गोष्टी एकाच परिच्छेदात आल्या पाहिजेत. उदाहरणार्थ: 'तिसरी-चौथीतील नऊ मुले आज जोडाक्षरांवर अडतात. मार्चअखेर ही नऊही मुले अपरिचित परिच्छेद समजून वाचतील. त्यासाठी रोज पहिला तास दोन्ही शिक्षक इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पायरीनुसार गट करून घेतील, आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी या मुलांची तपासणी एका शिक्षकाची मुले दुसऱ्याने घेऊन होईल.' तपासणी अदलाबदल करून घेण्याचे महत्त्व वर सांगितलेल्या प्रसंगावरून ध्यानात यावे.

आपल्या गावात दुसरे उद्दिष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचेच असले पाहिजे. दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघतात आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ उन्हाळ्यापर्यंत, ही मुले परतत नाहीत. नाव पटावर आणि मूल फडावर, अशी स्थिती असते. या प्रश्नाचे काम नोव्हेंबरमध्ये सुरू केले तर उशीर झालेला असतो. सप्टेंबरमध्येच घरोघर जाऊन कोणती कुटुंबे जाणार, त्यांना तोडीला नेणारा मुकादम कोण, कोणत्या कारखान्याच्या भागात जाणार आणि घरी आजी-आजोबा आहेत का, हे लिहून घ्यावे. ज्यांना मागे ठेवता येईल त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वेळेत पाठवावा. जी मुले जाणारच आहेत त्यांच्यासोबत शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे जेथे जातील तेथील शाळेला त्यांना बसवून घेता येते, आणि त्या शाळेच्या शिक्षकांशी आपण स्वतः फोनवर बोलावे. केवळ कार्ड देऊन मूल शाळेत पोहोचत नाही, हे मी अनेकदा पाहिले. फोन केला तेथे बरीचशी पोहोचली. आणि परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कोठे बसवायचे, त्याचे पुस्तक कोठे ठेवलेले आहे, त्याचा गट कोणता, हेही आराखड्यात लिहावे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे जेथे मूल होते तेथे शाळा नेली. ऊसतोडीच्या गावातील शाळेला याहून जवळचा आदर्श मला दुसरा दिसत नाही.

तिसरे उद्दिष्ट आपण आणि आपले सहशिक्षक मिळून ठरवा. मी सुचवीन ते शिकवण्याच्या वेळेचे. अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. माहिती भरणे, बैठका, पोषण आहाराच्या नोंदी आणि रजा यांमुळे एका शिक्षकावर चार वर्ग येणारे दिवस वजा करून प्रत्यक्ष किती तास हाती राहतात, हे एक महिना प्रामाणिकपणे लिहून पाहा. तो आकडा पाहिल्यावर कोणती नोंद शाळा सुटल्यानंतर करायची आणि कोणता उपक्रम यंदा घ्यायचाच नाही, हे ठरवणे सोपे जाते.

कायद्याच्या बाजूविषयी थोडक्यात. अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने तयार करायचा असतो. तो मुख्याध्यापकाचा एकट्याचा दस्तऐवज नाही. तो तीन वर्षांचा असतो, त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा असतो आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तो पूर्ण व्हायला हवा. इयत्तावार पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक, भौतिक गरजा आणि निधी एवढेच नियम मागतात. मुले काय शिकतील हे त्यात आपणच घालायचे असते, आणि बहुतेक आराखडे कोरडे राहतात ते तेथेच. पटाचा अंदाज अंगणवाडीच्या नोंदवहीवरून काढावा, म्हणजे पुढील तीन वर्षांत सहा वर्षे पूर्ण करणारी मुले नेमकी कळतात. अनुसूचीप्रमाणे ६० पटापर्यंत दोन आणि ६१ ते ९० पटाला तीन शिक्षक आहेत. प्रत्यक्ष पद संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे मंजूर करण्याच्या, चालू शासन निर्णयाप्रमाणे मिळते, म्हणून तो निर्णय गटसाधन केंद्रातून वाचून घ्यावा. पद मिळावे म्हणून पटावर नावे वाढवू नयेत. ज्या शाळेने सत्य हे मूल्य मानले, तिने त्याची परीक्षा पहिल्यांदा हजेरीपटावर द्यायची असते.

निधीचा विचार लहान आकड्यांनी करावा. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय योजनेअंतर्गत ३१ ते १०० पटाच्या शाळेसाठी संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,००० रुपये ठरलेले आहे आणि त्यातील किमान दहा टक्के, म्हणजे २,५०० रुपये, स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. वीजबिल, खडू-कागद आणि किरकोळ दुरुस्ती यांनंतर हाती फारसे उरत नाही. त्यामुळे संरक्षक भिंत किंवा स्वच्छतागृह या अनुदानातून होईल असे लिहू नये. ती कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसवावीत, आणि त्यासाठी तो आराखडा ठरवणाऱ्या ग्रामसभेला समितीच्या मातांना सोबत घेऊन जावे. शिक्षकाने मागितलेली भिंत पुढच्या वर्षावर जाते. पंधरा आया उभ्या राहून मागतात ती भिंत त्याच वर्षी कागदावर येते, असा माझा अनुभव आहे.

समितीविषयी एक कळकळीची विनंती. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात, असे कलम २१ सांगते. कागदावर ते असते. प्रत्यक्षात पुरुष खुर्च्यांवर, महिला दाराजवळ जमिनीवर, आणि इतिवृत्ताची वही सहीसाठी शेवटी त्यांच्याकडे सरकवलेली, असे चित्र मी वर्षानुवर्षे पाहिले. सभा सायंकाळी, शेतातून परतल्यावर ठेवावी, बाजाराचा दिवस टाळावा आणि सर्वांनी एकाच सतरंजीवर गोल बसावे. सुरुवातीला प्रत्येक आईजवळ तिचे स्वतःचे मूल बसून पाच मिनिटे वाचून दाखवील. जाहीर वाचन नको, केवळ आईच्या कानाशी. आई स्वतः निरक्षर असली तरी मूल अडखळते आहे की सहज वाचते आहे, हे तिला कळते. त्यानंतर वाचनाच्या उद्दिष्टावर चर्चा घ्यावी. ती चर्चा वेगळीच होते.

वर्षभराच्या पाठपुराव्यासाठी दर महिन्याला एक पान पुरे. त्यावर तीन उद्दिष्टे आणि प्रत्येकापुढे या महिन्यात काय हलले, काय अडले, एवढेच असावे. तेच पान केंद्राच्या शिक्षण परिषदेत न्यावे आणि अडचणच मांडावी. शाळासिद्धी या शाळेच्या स्वयंमूल्यमापनाच्या सात क्षेत्रांची किंवा त्यानंतर आलेल्या मूल्यांकनाची माहिती या पानांवरून भरावी. ती माहिती भरण्यासाठी आराखडा लिहू नये. दुसऱ्या शाळांचे चांगले काम अवश्य पाहावे, पण घ्यायचे काय ते नीट ओळखावे. २०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मुलांनी हाताळून स्वतः शिकण्याच्या पद्धतीसाठी गाजलेल्या, सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (तपासणी विभागाच्या) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. परतल्यावर अनेकांनी वर्गाच्या फरशीवर अक्षरे, संख्या आणि चौकटी रंगवल्या. मुलांना हाताळू देणे, थांबणे, निरीक्षण करणे आणि मग पुढचे साहित्य देणे हे ज्यांनी आणले त्यांच्या वर्गात फरक पडला. ज्यांनी फक्त रंग आणला त्यांच्याकडे वर्षभरात रंग झिजला.

ध्येयवाक्य सर्वांत शेवटी, समितीच्या सभेत लिहावे, आणि ते शक्यतो पालकांच्या तोंडून यावे. माझ्या केंद्रातील एका ऊसतोडीच्या गावात अशा सभेत शिक्षकांनी 'शाळेतून काय मिळावं असं वाटतं?' असे विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक आई म्हणाली, 'काट्यावरची पावती माझ्या पोरीला वाचता आली पायजे. उचल किती फिटली, ते मुकादमानं सांगायच्या आदी तिनं सांगितलं पायजे.' उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, आणि काट्यावरची पावती म्हणजे तोडलेल्या उसाच्या वजनाची. शिक्षकांनी त्या बोलण्याचे शुद्ध, छापील मराठीत रूपांतर करायला घेतले होते. मी त्यांना तसेच राहू द्या असे म्हटले. ती दोन वाक्ये त्या शाळेच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर, बाईंच्या बोलीत, आणि खाली समितीच्या बारा सदस्यांच्या सह्या व अंगठे, अशी लिहिली गेली. त्या वर्षी चौथीच्या गणिताच्या तासाला वजनकाट्याच्या जुन्या पावत्या गोळा करून बेरीज-वजाबाकी शिकवली गेली.